जांभ्यावरची माणसे

पाणी उताराकडे धावते, हा निसर्गाचा नियम आपण शाळेत शिकतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हा नियम माणसांनाही लागू आहे की काय, असे मला पुष्कळदा वाटते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी पन्नास-साठ किलोमीटरांची वाट भराभर उतरून अरबी समुद्राला मिळते. वाटेत कुणासाठी थांबत नाही. इथली माणसेही तशीच. बारावीचा निकाल लागला, की घरोघरी बॅगा भरल्या जातात आणि रातराणीने मुले मुंबईला मिळतात! पाण्याला निदान पुढच्या मृगात परत यायची सवय आहे. माणसांचे तसे सांगता येत नाही.

जनगणनेचे आकडे हा काही ललित लेखाचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. आकडे शोभतात ते अर्थशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत. परंतु काही आकडे असे असतात, की ते वाचताना आपल्याच वाडीतील माणसांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी झाली! त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली. आमच्याकडे दुष्काळ पडला नव्हता, पटकीची साथ आली नव्हती, की लढाई झाली नव्हती. आणि तरीही जिल्हा घटला. १९८१ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग असलेला सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ साठी ठरली आहे. तोवर आपल्याला याच आकड्यांवर विचार करावयाचा आहे.

या घटीचे कारण विचारले, तर घाटावरचे मित्र चटकन उत्तर देतात, "तुम्हां कोकण्यांना मुंबईचे वेड!" काही जण त्याच्याही पुढे जातात आणि कोकणी माणूस आळशी आहे असे सांगून मोकळे होतात. हे दुसरे उत्तर मला फार लागते. पहाटे चारला उठून डोंगरातून कवळाचे भारे आणणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, तो असे बोलणार नाही. म्हणून माणसाच्या स्वभावाकडे वळण्यापूर्वी जमिनीचा स्वभाव पाहावा, असे मला वाटते.

आमची जमीन म्हणजे जांभा. खाणीतून काढताना मऊ असलेला आणि वारा लागला की कठीण होत जाणारा हा तांबडा दगड घर बांधायला फार चांगला. त्याचे चिरे पिढ्यान् पिढ्या टिकतात. पण ज्या दगडात घर उभे राहते त्यात पीक उभे राहत नाही. मैलोन् मैल पसरलेले सडे पावसाळ्यात चार महिने गवताने हिरवे होतात आणि दिवाळीनंतर पुन्हा उघडेबोडके पडतात. पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. पण जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या साऱ्या डोंगरातून निघतात आणि धड मोठ्या व्हायच्या आत खाडी होतात. एवढा पाऊस अंगावर घेऊन एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांतून पाण्याच्या टँकरची वाट पाहणारा प्रदेश म्हणजे आमचा!

भातशेती होते ती वहाळाच्या काठी, डोंगराच्या कुशीत, खाडीकाठच्या खाजणात. तिचे तुकडे इतके लहान, की काही ठिकाणी बैलांची जोडी वळवायची म्हटले तरी शेजाऱ्याच्या बांधाला पाय लागतो. वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. उन्हाळ्यात भाजावळ, मृगाला पेर, आषाढात लावणी, दसऱ्याच्या आगेमागे कापणी. संपले! त्यानंतर पाण्यावाचून दुसरे पीक नाही. म्हणजे ही जमीन माणसाला वर्षातले चार-पाच महिने राबवून घेते आणि उरलेले सात-आठ महिने त्याला मोकळे सोडते. माझ्या मते आमच्या साऱ्या इतिहासाचे मूळ या सात-आठ महिन्यांत आहे.

आंबा घाट चढून पलीकडे गेले, की हेच वेगळ्या रीतीने दिसते. घाटापलीकडे कोल्हापूर जिल्हा. तिथे नदीकाठची काळी जमीन, बारमाही पाण्याची सोय, ऊस आणि सहकारी साखर कारखाने. ऊस वर्षभर शेतात उभा असतो, म्हणून शेतकऱ्यालाही वर्षभर शेताजवळ उभे राहावे लागते. कारखाना आला की त्याच्याभोवती वाहतूक, बँक, दूध संघ, शाळा आणि बाजारपेठ येते. २००१ ते २०११ या दशकात कोल्हापूर जिल्हा दहा टक्क्यांनी वाढला आणि आम्ही जवळजवळ पाच टक्क्यांनी घटलो. मध्ये आहे तो फक्त एक घाट. घाटाच्या दोन बाजूंची माणसे काही वेगळ्या मातीची घडलेली नाहीत. त्यांच्या पायाखालची माती मात्र वेगळी आहे.

या भूमीचा दुर्गमपणा सरकारनेही ओळखला होता. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. स्वातंत्र्यवीर सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री, तेव्हा भिंती बांधायची गरजच नव्हती! मला गंमत वाटते ती ही, की बाहेरून माणसे आणून ज्या भूमीत कोंडली जात होती, त्याच भूमीतली माणसे त्याच काळात मिळेल त्या वाटेने बाहेर पडत होती.

वाटा मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या होत्या. ज्याच्या हाती अक्षर होते तो लेखणी घेऊन निघाला. महर्षी कर्वे मूळचे दापोली तालुक्यातील मुरूडचे. ऐन पोरवयात एका परीक्षेला बसण्यासाठी ते शंभराहून अधिक मैल चालत, कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला गेले. आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही! गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये गुहागर तालुक्यातील कोतळूकचा; कर्तृत्व पुण्याचे. ज्याच्या हाती अक्षर येऊ दिले गेले नव्हते तो लष्करात शिरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. परंतु वडील सुभेदार असल्याने त्यांचा जन्म १८९१ मध्ये दूर महूच्या छावणीत झाला. खाडीकाठचे मुसलमान बांधव जहाजांवर खलाशी म्हणून गेले. कुणी आफ्रिकेत उतरले, कुणी पुढे आखातात गेले. आणि कुणबी, मराठा, भंडारी, गाबीत समाजांतील हजारो माणसे बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरली आणि गिरणीच्या, गोदीच्या दाराशी उभी राहिली. थोरांची चरित्रे आपण अभ्यासतो. या शेवटच्या माणसांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत. जनगणनेच्या तक्त्यात मात्र त्यांची नोंद आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळा दोष जांभ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. जमीन थोडी होती हे खरे. पण जी होती तीही कसणाऱ्याची नव्हती. खोताच्या शेतात राबावे, मक्ता भरावा, वर वेठही करावी, आणि उरलेल्या भातात शिमग्यापर्यंत पोट भरावे. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. डोंगराने माणसाला अर्धे ढकलले असेल, तर खोतीने उरलेले अर्धे ढकलले. भूगोल वाचताना समाजरचना विसरून चालत नाही, हे मला या विषयाने शिकवले.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढील शंभर वर्षांत आमच्या जिल्ह्याचे नशीब गिरणीच्या भोंग्याला बांधले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शिरगणत्यांत मुंबईतील सुमारे दर पाच माणसांमागे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. जगात इतरत्रही असे घडले आहे. आयर्लंडच्या खेड्यांतून माणसे अमेरिकेला गेली, स्कॉटलंडच्या डोंगरांतून ग्लासगोच्या कारखान्यांत गेली. पण त्यांच्यात आणि आमच्यात एक मोठा फरक होता. तिकडे बहुतेकांनी घर मोडून गाव सोडले. आमच्याकडे माणूस गेला, घर राहिले.

आजोबा लालबागला एका गिरणीत कामाला होते. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीतील बरीच माणसे त्याच परिसरात एका खोलीत राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी आणि जेवायला खाणावळ. खोलीत बायकामुलांना जागा नव्हती आणि पगारात त्यांचे पोट भागण्यासारखे नव्हते. म्हणून कुटुंब गावी. आजोबा मे महिन्यात यायचे, घर शाकारायचे, पेरणी-लावणीला हात लावायचे आणि नांगर धुऊन झाला की परत. त्यांच्या जागी तेवढ्यापुरता बदली कामगार उभा राहायचा. गिरणीला स्वस्त मजूर मिळाला, कारण त्याचे कुटुंब पोसायला गावची शेती होती. आणि गावची शेती टिकली, कारण तिची तूट भरून काढायला गिरणीची मनीऑर्डर होती. एकाच माणसाचे एक पाऊल चिखलात आणि दुसरे सूतखात्यात! अर्थशास्त्रात याला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणतात. आमच्या आजीला हा शब्द ठाऊक नाही. तिने तिचे आयुष्य मात्र याच अर्थव्यवस्थेत गेले.

या व्यवस्थेचा खरा भार बायकांनी उचलला. राब भाजणे, तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, गुरे, सासू-सासरे आणि मुले. नवरा वर्षातून दीड-दोन महिने घरी. पत्र आले तर ते मास्तरांकडून वाचून घ्यायचे, म्हणजे मनातले काही त्यात यायचे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, हा २०११ चा आकडा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. राज्यात हेच प्रमाण ९२९ आहे. स्पर्धा परीक्षेची मुले हा आकडा पाठ करतात. कुणी कुणी त्यावरून कोकणात मुलींना फार मान आहे असाही निष्कर्ष काढतात. पण सहा वर्षांखालील मुलांत बघावे, तर आमच्याकडेही मुलींची संख्या हजाराच्या खालीच आहे. म्हणजे ११२२ हा जन्माचा आकडा नाही, तो वियोगाचा आकडा आहे. येथे मुली जास्त जन्मल्या नाहीत. मुलगे मोठे होऊन निघून गेले.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. २००१ मध्ये हे प्रमाण ११३६ होते आणि २०११ मध्ये ११२२ झाले. वरवर पाहता वाटेल, की चला, पुरुष घरी परत येऊ लागले! मीही तक्ता काढून बसलो. २००१ मध्ये जिल्ह्यात ७,९४,४९८ पुरुष आणि ९,०२,२७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. वजाबाकी केली तर पुरुष ३३,३७७ ने घटले आणि स्त्रिया ४८,३३१ ने! म्हणजे प्रमाण उतरले ते पुरुष आले म्हणून नव्हे, तर स्त्रियाही कमी झाल्या म्हणून. घर राखून बसलेल्या जुन्या पिढीतील बायका एकेक करून देवाघरी गेल्या आणि त्यांच्या जागी सुना आल्या नाहीत. सुना मुंबईला गेल्या. त्यांच्याबरोबर नातवंडे गेली.

असे का झाले? याचे उत्तर आमच्या जिल्ह्यात नाही, मुंबईत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. अनेक जण संप मिटेपर्यंत म्हणून गावी आले, आजोबाही आले. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. गिरणी गेली, तिच्याबरोबर बदलीची पद्धत गेली, सामाईक खोली गेली, मे महिन्याची लांब रजा गेली. पुढच्या पिढीला कुरिअर, दुकाने, कार्यालये, रखवाली, रिक्षा अशी कामे मिळाली. या कामांत लावणीसाठी दीड महिना कोण रजा देणार? उलट, वसई-विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली येथे कर्ज काढून एक लहानशी का होईना, स्वतःची खोली घेता येऊ लागली. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्हाही साडेसात टक्क्यांनी घटला आणि त्या वेळचा ठाणे जिल्हा, ज्यात वसई-विरार येत होते, छत्तीस टक्क्यांनी वाढला. आमची माणसे लालबाग-परळमधून उठून तिकडे गेली आणि तिथे प्रथमच बायकामुलांना जागा झाली.

यात वाईट काय, असे कुणी विचारील. खरोखरच काही वाईट नाही. नवरा-बायको एकत्र राहू लागली, मुलांना बाप रोज दिसू लागला. आजीने जे चाळीस वर्षे सोसले ते काकीला सोसावे लागले नाही, याचा मला आनंदच आहे. कोकणचे गाणे गाताना त्या बाईचा वियोग आपण विसरतो. पण त्याचबरोबर, ज्या बाईच्या वियोगावर गाव उभे होते ती बाई निघाली आणि गावाचा खांब निखळला, हेही तितकेच खरे आहे. पुरुष गेले तेव्हा गाव दुबळे झाले होते. बायका गेल्यावर ते रिकामे होऊ लागले.

आमच्या माजघरात एका खुंटीवर सहा-सात घरांच्या किल्ल्या अडकवलेल्या असतात. त्या साऱ्या विरार-डोंबिवलीच्या किल्ल्या. गणपतीच्या आधी आठ दिवस आजी ती घरे उघडते, जळमटे काढते, जमीन सारवते. मग चाकरमानी येतात, ओट्यांवर दिवे लागतात, रात्रभर भजने आणि जाखडी होते. पाच-सात दिवसांनी किल्ल्या पुन्हा खुंटीवर. शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा दार उघडे हवे म्हणून पुन्हा तेच. यंदा ती मला म्हणाली, "मानसंच नाय ऱ्हायली तं घर कुनासाटी सारवायचं, बाळा?" मी काही उत्तर दिले नाही. जनगणनेतील माणसांची मोजणी फेब्रुवारीत होते, म्हणजे शिमग्याच्या आधी. गणपतीत मोजले असते, तर आमचा जिल्हा घटला असे कुणाला दिसलेही नसते! पण जनगणना माणसाचे राहते घर विचारते, मनातले घर विचारीत नाही.

मग येथेच उद्योग का नाहीत, असा प्रश्न येतो. उद्योग नाहीत असे नाही. ते कसे आहेत हे पाहिले पाहिजे. पहिला हापूस. जांभ्यावर दुसरे काही होत नसेल. आंबा मात्र असा होतो, की त्याला जगात तोड नाही. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीची योजना आली आणि उघडे सडे कलमांनी भरू लागले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबा-काजूवर मोठे काम केले. पण आंब्याचे गणित पुन्हा जांभ्याचेच. मोहोर, फवारणी, राखण, काढणी, पेट्या. सारा हंगाम मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत. उरलेल्या काळात बागेला फार माणसे लागत नाहीत. आणि ज्या महिन्यांत लागतात, त्या महिन्यांत राखणीला येतात ते नेपाळी! हिमालयातील माणूस बायकामुलांसह सह्याद्रीच्या पायथ्याला येऊन कलमांची राखण करतो आणि येथील मुलगा विरारच्या एखाद्या इमारतीची राखण करतो, याला काय म्हणावे?

याचा अर्थ आमची मुले कामचुकार आहेत असा मी काढत नाही. नेपाळच्या डोंगरातही जमीन थोडी आणि मोकळे महिने फार. त्याला सहा महिन्यांचे काम पुरते, कारण उरलेल्या सहा महिन्यांसाठी त्याचे गाव आहे. आजोबांचे जे गणित होते तेच आज त्याचे आहे. आमच्या मुलाला मात्र आता बारा महिन्यांचे काम हवे आहे, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मासेमारीचेही तसेच. मिरकरवाडा, हर्णै, नाटे येथे यांत्रिक नौका वाढल्या. पण पावसाळ्यात दोन महिने बंदी, आणि नौकांवरील खलाशी पुष्कळसे नेपाळचे, कर्नाटकाचे. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत केरळच्या मुली काम करतात. म्हणजे आमच्या जिल्ह्यातून माणसे जातात, तशी इथे माणसे येतातही.

मोठ्या उद्योगांची कथा आणखी निराळी. कोयनेचे पाणी बोगद्यांतून डोंगर उतरून पोफळीला येते, तिथे वीज तयार होते, आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जाते. वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली. लोटे-परशुरामला रासायनिक कारखाने आले; चिपळूण-खेड परिसरातील अनेकांना तिथे रोजगार मिळाला, आणि खाडीतल्या मासळीवर जगणाऱ्या भोई समाजाची त्याच कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल तक्रार राहिली. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, नंतर नव्या कंपनीकडे जाऊन पुन्हा चालू झाला. असा प्रकल्प उभारताना हजारो हात लागतात. चालवताना थोडके आणि तेही शिकलेले. समुद्र खोल आणि वस्ती विरळ म्हणून अशा प्रकल्पांना आमचा किनारा आवडतो. वस्ती विरळ आहे म्हणून प्रकल्प येतो आणि प्रकल्पाने वस्ती फारशी वाढत नाही, असे हे चक्र आहे. जैतापूर, नाणार, बारसू या नावांवरून जे वाद झाले, त्यांत कुणाचे बरोबर आणि कुणाचे चूक हे ठरवण्याची ही जागा नव्हे. मला एवढेच दिसते, की आम्हांला विचारले जाते ते 'प्रकल्प हवा की नको?' असे. 'तुमच्या मुलांना येथे बारा महिने कशाचे काम हवे?' असे फारसे कुणी विचारीत नाही.

रेल्वेकडून आमच्या वडीलधाऱ्यांनी फार आशा केली होती. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा, पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल. डोंगराने शतकानुशतके घातलेला अडसर माणसाने ओलांडला, याचा कुणालाही अभिमान वाटावा. पण रस्ता दोन्ही दिशांना जातो, हे आपण विसरतो. १९९१ ते २००१ या दशकात जिल्हा जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला होता. रेल्वे आल्यानंतरच्या दशकात तो घटला. रेल्वेमुळेच घटला असे मी म्हणणार नाही. परंतु जिथे काम नाही तिथे रेल्वे कामे घेऊन येत नाही, ती माणसे घेऊन जाते, एवढे तरी दिसते. बोटीच्या काळात मुंबईला जाणे म्हणजे समुद्र ओलांडणे होते. आता रात्री जेवून गाडीत बसावे आणि सकाळी ठाण्याला चहा प्यावा!

शेवटी, हा प्रश्न आपला आहे. या महाविद्यालयाच्या आवारात उभे राहिले, की एकीकडे समुद्र दिसतो आणि दुसरीकडे डोंगर. आमच्या वर्गातील किती जण पाच वर्षांनी या दोहोंच्या मध्ये असतील? मुलांत हा प्रश्न विचारला तर हशा होतो. मुली हसत नाहीत, त्या विचार करतात. कारण आता स्थळ पाहताना मुलीच्या घरचे 'मुलगा मुंबईला आहे ना?' असे आधी विचारतात. गावात राहून बाग करणाऱ्या, शिकलेल्या मुलाचे लग्न जमणे कठीण झाले आहे. तेव्हा लोकसंख्या घटते ती फक्त रोजगाराने नव्हे, ती मनातही घटते. पट कमी झाला म्हणून वाडीवरची शाळा धोक्यात येते. शाळा गेली की उरलेले एखादे तरुण कुटुंबही तालुक्याच्या गावी जाते. भातखाचरे पडीक राहिली की त्यांत रान माजते, रानात डुक्कर आणि वानर येतात, आणि शेजारी जो कसत असतो त्याचेही पीक राहत नाही. एका घराचे कुलूप शेजारच्या चार घरांना लागते.

मला उपदेश करावयाचा नाही. तेवढा अधिकारही नाही. माझे स्वतःचे अजून ठरलेले नाही. काकांनी नालासोपाऱ्याला एका कार्यालयात शब्द टाकून ठेवला आहे. परीक्षा संपली की ये म्हणतात. वडील काही बोलत नाहीत. गेल्या चार वर्षांत त्यांनी वरकस जमिनीत काजूची कलमे लावली आहेत, आणि मला घेऊन ते रोज संध्याकाळी तिथवर जातात, एवढेच. पण एक गोष्ट मला या आकड्यांनी शिकवली आहे. जांभा बदलणार नाही, उतार बदलणार नाही, पाऊसही चार महिनेच पडणार. बदलता येईल ते उरलेल्या आठ महिन्यांचे काम. काजू सोलण्याचे आणि फोडण्याचे लहान कारखाने, आंब्याचा रस, आमसुले, मासळी, वहाळावरचे बंधारे, कातळशिल्पे आणि किनारे पाहायला येणारी माणसे. यांतले एकेक काम लहान आहे, पण ते एकमेकांत गुंफले तर वर्ष भरते. पैकी काजूच्या कारखान्यांत आज बहुतेक बायकाच काम करतात. ज्या बाईने पूर्वी मनीऑर्डरची वाट पाहिली, तिच्या नातीला वाडीजवळच पगार मिळू लागला, तर कदाचित तिला वाडी सोडावीशी वाटणार नाही. आणि ती राहिली, तर बाकीचे राहतील.

२०२७ च्या फेब्रुवारीत प्रगणक आमच्या वाडीत येतील. डोंगर चढून, हातात फोन घेऊन, कुलपे मोजत ते आमच्या ओट्यावर बसतील आणि आजीकडे पाणी मागतील. मग घरात राहणारी माणसे किती, असे विचारतील. आजी, वडील, आई, अशी तीन नावे ती सांगेल. चौथे नाव सांगायचे की नाही, हे तिला मी त्याआधी कळवले पाहिजे.